नोकरी, घर आणि थकवा सांभाळून धावण्याची सवय टिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरला, की पुण्यात तळजाई आणि वेताळ टेकडीवर, मुंबईत शिवाजी पार्क आणि मरीन ड्राइव्हवर, कोल्हापुरात रंकाळ्याभोवती पहाटे नवे चेहरे धावताना दिसू लागतात आणि संक्रांत उलटेपर्यंत त्यांतले बरेच जण दिसेनासे होतात. ही माणसे आळशी नसतात. त्यांना नोकरी असते, घर असते, लांबचा प्रवास असतो, झोप आधीच अपुरी असते, आणि त्यात त्यांनी पेलवणार नाही इतके जोरात व इतके जास्त धावायला सुरुवात केलेली असते. नव्याने धावू लागलेल्या मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांमागची भूमिका एकच आहे: पहिल्या काही महिन्यांत अंतर आणि वेग यांपेक्षा ठरलेल्या दिवशी घराबाहेर पडणे जपले पाहिजे, आणि ते जपता यावे म्हणून धावणे मुद्दाम छोटे व सावकाश ठेवले पाहिजे.

संध्याकाळी घरी येईपर्यंत अंगात त्राण उरत नाही. अशा थकव्यात धावायला जावे का?

बहुतेक वेळा जावे, पण आधी थकवा कशाचा आहे ते पाहावे. आठ-नऊ तास खुर्चीत बसून, बैठका आणि ईमेल उरकून, नंतर गर्दीतून प्रवास करून जो शिणवटा येतो, त्यात डोके दमलेले आणि अंग आखडलेले असते. पायांच्या स्नायूंनी मात्र दिवसभरात फारसे काम केलेले नसते. असा शिणवटा हलक्या व्यायामाने वाढत नाही, बहुधा उतरतो. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कायम थकवा जाणवणाऱ्या, पण एरवी निरोगी आणि व्यायाम न करणाऱ्या तरुणांना त्यांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटे जागेवरची सायकल चालवायला दिली. थकव्याची भावना सर्वांत जास्त कमी झाली ती हलका व्यायाम करणाऱ्या गटात. मध्यम जोर लावणाऱ्या गटाचा क्रमांक त्यानंतरचा होता. प्रयोग छोटा होता आणि सायकलीवरचा होता, तरी दमलेल्या माणसाने किती जोर लावावा याचे उत्तर त्यात मिळते.

अशा संध्याकाळी स्वतःशी दहा मिनिटांचाच करार करावा. घरी आल्यावर सोफ्यावर न टेकता कपडे बदलावेत, बूट घालावेत, पाच मिनिटे चालावे आणि पाच मिनिटे अगदी सावकाश धावावे. त्यानंतरही पाय जड वाटत असतील, तर चालत घरी परतावे आणि तो दिवस झाला असे खुशाल धरावे. बहुतेकांना दहाव्या मिनिटाला परतावेसे वाटत नाही. पण परतण्याची मुभा खरी असली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी मन त्या करारावर विश्वास ठेवणार नाही.

दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांना, म्हणजे परिचारिका, दुकानदार, कारखान्यातले कामगार, घरोघरी सामान पोहोचवणारे यांना, हा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही. त्यांचे पाय खरोखरच दमलेले असतात. त्यांनी साप्ताहिक सुट्टीचा दिवस आणि ड्यूटी सुरू होण्यापूर्वीची वेळ निवडावी, आणि ड्यूटीनंतर पाय वर करून पडावे, हेच योग्य.

हा थकवा नेहमीचा आहे की काळजी करण्यासारखा, हे कसे ओळखावे?

एक-दोन रात्री नीट झोप झाल्यावर जो थकवा जातो, तो नेहमीचा. पुरेशी झोप घेऊनही जो दोन-तीन आठवडे रेंगाळतो, जिना चढताना धाप लावतो, केस गळणे, चक्कर येणे, हातापायांना मुंग्या येणे अशा तक्रारी सोबत आणतो, त्यासाठी रक्ततपासणी करून घ्यावी. आपल्याकडे ही शक्यता मुळीच दूरची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय मानतात. अशा स्थितीत थोड्या धावण्यानेही दम लागतो, आणि त्या व्यक्तीला ‘आपली इच्छाशक्तीच कमी’ असे वाटत राहते. ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटते, कारण जो प्रश्न लोहाच्या गोळीने सुटतो, त्यासाठी माणूस स्वतःच्या स्वभावाला दोष देत बसतो. शाकाहारी लोकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि स्त्रियांमध्ये थायरॉइडचे विकार हीदेखील थकव्याची नेहमी आढळणारी कारणे आहेत.

ताप असेल, छातीत कफ असेल, अंग मोडून आले असेल, तर धावू नये. नुसते नाक वाहत असेल, तर हलके धावण्यास हरकत नसते. डेंग्यू किंवा चिकुनगुन्यानंतर अशक्तपणा आणि सांधेदुखी बरेच दिवस टिकते. तेव्हा डॉक्टरांनी होकार दिल्यावर आधी काही दिवस फक्त चालावे.

धावताना छातीत दुखणे किंवा दडपण येणे, दुखणे हातात किंवा जबड्यात पसरणे, भोवळ येणे, हृदयाचे ठोके अनियमित वाटणे, यांपैकी काहीही झाले तर त्या क्षणी थांबावे आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान असलेल्यांनी, आणि ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झाला आहे अशांनी सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम उतरू शकते, म्हणून औषध आणि खाणे यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.

धावायला लागल्यापासून उलट जास्तच दमायला होते. असे का?

कारण जवळजवळ नेहमी एकच असते: वेग जास्त आहे. शाळेच्या मैदानावर आपण ज्या तऱ्हेने पळत होतो, तेच धावणे असे आपल्या मनात बसलेले असते, त्यामुळे नवा माणूस पहिल्याच दिवशी दोन-तीनशे मीटर जोरात पळतो, छाती भरून येते, तो कमरेवर हात ठेवून थांबतो आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे मानून घरी जातो.

योग्य वेग ओळखण्याची खूण सोपी आहे. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. ‘काल ऑफिसमधून यायला उशीर झाला, मग जेवायलाच दहा वाजले,’ एवढे वाक्य मध्ये श्वास न तुटता म्हणता येत असेल, तर वेग बरोबर आहे. दोन-तीन शब्दांनंतर थांबावे लागत असेल, तर वेग कमी करावा, आणि तरीही जमत नसेल तर चालावे. सुरुवातीला हा वेग इतका कमी असतो, की झपझप चालणारे आजोबा आपल्याला मागे टाकून जातात. त्यांना जाऊ द्यावे. आपले हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत नव्या कामाला सरावतात, पण स्नायूबंध आणि हाडे यांना बळकट व्हायला महिने लागतात. दम टिकू लागला म्हणून वेग वाढवणाऱ्यांच्या नडग्या आणि गुडघे नेमके याच कारणाने दुखू लागतात.

चालणे आणि धावणे आळीपाळीने करणे ही नवशिक्यांसाठीची सर्वांत भरवशाची पद्धत आहे. जोश क्लार्क या अमेरिकी धावपटूने १९९६ मध्ये नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम आखला, जो पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेनेही स्वीकारला. त्यात आठवड्यातून तीन दिवस बाहेर पडायचे असते, आणि पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे चालून झाल्यावर एक मिनिट धावणे व दीड मिनिट चालणे असे एकूण वीस मिनिटे करायचे असते. नवव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास धावता यावे, अशी त्याची रचना आहे. मात्र नऊ आठवडे हा आकडा मनावर घेऊ नये. झोप कमी, प्रवास जास्त आणि वय चाळिशीचे असेल, तर एकेक आठवडा दोनदा किंवा तीनदा करावा. त्याच कार्यक्रमाला पाच महिने लागले तरी शरीराचा फायदा तोच होतो.

रोज धावावे की एक दिवसाआड?

सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, आणि दोन धावण्यांमध्ये किमान एक दिवस मोकळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. अर्ध्या तासाची तीन धावणी आणि घरच्या घरी उठाबशा, जोर, टाचा उचलणे असे दोन दिवस पंधरा-पंधरा मिनिटांचे व्यायाम, एवढ्यात हे बसते. बुडालेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट धावू नये.

खरोखरच वेळ मिळत नाही. वेळ आणायचा कुठून?

हा प्रश्न विचारणाऱ्याला ‘वेळ काढला की मिळतो’ असे सांगणे मला पटत नाही. डोंबिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाचे दिवसातले तीन-साडेतीन तास प्रवासात जातात. हिंजवडीत काम करून रात्री अमेरिकेतल्या ग्राहकाशी बोलणाऱ्याची संध्याकाळ त्याच्या हातात नसते. अशा आठवड्यात सात मोकळ्या पहाटा शोधू नयेत, अर्ध्या तासाच्या तीन फटी शोधाव्यात. त्यांतली एक रविवारी असतेच. दुसरी बहुधा घरून काम करण्याच्या दिवशी सापडते. म्हणजे कामाच्या दिवसांमधून खरी एकच फट काढायची असते, आणि एका दिवसाचा प्रश्न असेल तर घरात आणि कार्यालयात बोलणे सोपे जाते.

फट सापडल्यावर ती नुसत्या इराद्यावर सोडू नये. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडलेला आणि नंतर अनेक अभ्यासांतून तपासला गेलेला मुद्दा असा, की ‘मी व्यायाम करीन’ या निश्चयापेक्षा ‘अमुक घडले की मी अमुक करीन’ असे ठरवलेले काम प्रत्यक्षात होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून वाक्य असे ठरवावे: ‘बुधवारी मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवले, की तिथूनच मी तळ्याला एक फेरी मारीन.’ त्यात दिवस आहे, आधीची घटना आहे आणि जागा आहे. मुलीला सोडायला जातानाच बूट घातलेले असले, तर घरी परत येऊन पुन्हा निघण्याचा टप्पाच उरत नाही, आणि बहुतेक धावणी त्याच टप्प्यावर बुडतात.

ठरवलेल्या अर्ध्या तासातली पंधरा मिनिटेच हाती आली, तर पंधरा मिनिटेच धावावे. वेळ अर्धा उरला म्हणून धावणे पूर्ण रद्द करण्याची सवय अतिशय घातक आहे.

घर, मुले, सासू-सासरे आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईने हे कसे जमवावे?

हा प्रश्न स्वतंत्र घेतला आहे, कारण येथे अडचण धावणाऱ्या बाईच्या शिस्तीची नसून घरातल्या कामांच्या वाटणीची आहे, आणि एकटीने आणखी पहाटे उठणे हा त्यावरचा उपाय नव्हे. साडेपाचला उठणारी बाई साडेचारला उठू लागली, तर तिची झोप साडेपाच तासांवर येते. मग दोन-तीन आठवड्यांत आजारपण किंवा चिडचिड यांमुळे धावणे सुटते, आणि घरातले म्हणतात, की तुला सांगितलेच होते.

आमच्या परिचयातल्या एका शिक्षिकेच्या घरी यावर जो तोडगा निघाला, तो सांगण्याजोगा आहे. त्यांच्या दोन मुलांची शाळेची बस पावणेसातला येते आणि डबे साडेसहापर्यंत भरून व्हावे लागतात. त्यांनी मंगळवार आणि गुरुवार हे दोन दिवस घरात मागून घेतले. त्या दोन सकाळी स्वयंपाकघर नवऱ्याकडे असते; आदल्या रात्री कणीक मळून आणि भाजी चिरून फ्रिजमध्ये ठेवलेली असते, आणि डब्यात काय जाणार हे रविवारीच ठरलेले असते. पहिल्या गुरुवारी पोळ्या जाड झाल्या, एका डब्याचे झाकण नीट न लागल्याने दप्तरात तेल सांडले. बाईंनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली: परत आल्यावर ओट्याकडे पाहून त्या काही बोलल्या नाहीत आणि पुढच्या मंगळवारी डबे स्वतः करून ठेवण्याच्या मोहात पडल्या नाहीत. दीड-दोन महिन्यांनी ही घराची रीतच झाली.

यातून घेण्यासारखे हे, की मागणी ‘मला थोडा वेळ हवा’ अशी मोघम नसावी. वार, वेळ आणि त्या वेळातली कामे कोण करणार, हे तिन्ही ठरले पाहिजे. एकत्र कुटुंबात सासूबाईंना आधी विश्वासात घेतले, तर पुष्कळदा त्याच सर्वांत मोठा आधार ठरतात. वाचणाऱ्या पुरुषांनीही हे उत्तर स्वतःसाठी आहे असे समजावे: आपले रविवारचे लांब धावणे ज्या तासांत होते, त्या तासांत घरी कोण राबत असते, हे पाहून बायकोलाही तेवढेच तास मोकळे करून द्यावेत.

मासिक पाळीत धावण्याने अपाय होत नाही. त्रास होत असेल तर चालावे किंवा विश्रांती घ्यावी. स्तनांना नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा ही बुटांइतकीच आवश्यक वस्तू आहे, तिच्यावर खर्च करताना संकोच करू नये. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच धावावे.

पहाटे उठवत नाही. संध्याकाळी धावले तर चालते का?

चालते. पहाटेचा फायदा एवढाच, की तेव्हा कामे अजून आडवी आलेली नसतात, हवा थंड असते आणि रस्ते मोकळे असतात. संध्याकाळी शरीर मोकळे असते आणि धावणे तुलनेने सोपे जाते. जोराचा व्यायाम अगदी झोपण्याच्या तासाभरात संपवला, तर काहींना झोप लागायला उशीर होतो. हलके धावणे साडेआठ-नऊपर्यंत संपले, तर सहसा अडचण येत नाही.

प्रौढांना किमान सात तास झोप लागते. पहाटे धावायचे ठरवले असेल, तर खरा निर्णय आदल्या रात्री साडेनऊ-दहाला घ्यायचा असतो, आणि तो बहुधा मोबाइल बाजूला ठेवण्याचा असतो. रात्री बारानंतर झोप लागली असेल, तर पाचचा गजर बंद करून सरळ झोपावे आणि धावणे संध्याकाळवर ढकलावे. झोप कापून धावलेल्या आठवड्यांचा हिशेब शरीर नंतर वसूल करते.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे खरे आहे का?

याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. रोजच्या जीवनात खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक नवी कृती त्यांना आपोआप होऊ लागायला किती दिवस लागतात, हे त्यात पाहिले होते. मध्यक ६६ दिवस निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले, पण व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता, आणि पाणी पिण्यासारख्या सोप्या कृतींपेक्षा व्यायामाची सवय लागायला जास्त वेळ लागला. ते लोक ती कृती रोज करत होते. आठवड्यातून तीनदा धावणाऱ्याने आणखी धीर धरावा. याच अभ्यासात असेही दिसले, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रियेला फारसा धक्का बसत नाही.

म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अजूनही मन ओढून न्यावे लागत असेल, तर त्यात काही बिघडलेले नाही. सर्वांत जास्त लोक गळतात ते याच सुमारास, कारण नवेपण संपलेले असते आणि सवय अजून लागलेली नसते. निदान दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ मनात धरूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

गणपती, लग्नसराई, मार्चअखेर, मुलांच्या परीक्षा यांत खंड पडतो. मग पुन्हा सुरुवात होत नाही.

खंड पडणार, हे आधीच धरून चालावे. आपले वर्ष असेच असते. अकाउंट्समधल्या माणसाने मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात तीन धावण्यांचा बेत आखणे व्यवहाराला धरून नाही. अशा काळासाठी ‘किमान मात्रा’ ठरवून ठेवावी: आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटे. एवढ्याने शरीराची तयारी वाढत नाही, पण बूट कपाटात जात नाहीत.

चार-पाच दिवसांच्या खंडाने काहीही हरपत नाही, आहे तिथूनच पुढे जावे. दोन आठवडे गेले, तर दमश्वास थोडा उतरलेला असतो. कार्यक्रमात एक-दोन आठवडे मागे जाऊन सुरुवात करावी. महिना किंवा त्याहून जास्त काळ गेला असेल, तर पुन्हा चालणे-धावणे आळीपाळीने करावे. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पूर्वी सहा किलोमीटर धावत होतो म्हणून पहिल्याच दिवशी सहा किलोमीटर धावणाऱ्यांना दुखापत होते, आणि दुसरा खंड पहिल्यापेक्षा लांबतो.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काय करावे?

रिमझिम पावसात धावण्यास हरकत नाही. विजा चमकत असतील तर घरीच थांबावे. शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर आणि उतारावर पाय घसरतो, म्हणून पावले छोटी टाकावीत. साचलेल्या पाण्यातून जाऊ नये: त्याखालचा खड्डा किंवा उघडे झाकण दिसत नाही, आणि मुंबई-ठाण्यासारख्या ठिकाणी अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होण्याचा धोका असतो. परतल्यावर पाय कोरडे करावेत, बोटांच्या बेचक्यांतही. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवावेत.

उन्हाळ्यात विदर्भ आणि मराठवाड्यात सूर्य वर येण्यापूर्वीच धावणे संपवावे. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेळ आणि वेग दोन्ही कमी ठेवावेत. डोके दुखणे, मळमळणे, घाम अचानक थांबणे किंवा गोंधळल्यासारखे वाटणे, ही थांबून सावलीत जाण्याची आणि मदत मागण्याची लक्षणे आहेत. कोकणात आणि मुंबईत तापमान तुलनेने कमी असले तरी दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे तिथेही तीच काळजी घ्यावी. थंडीत शहरांमधली सकाळची हवा पुष्कळदा धुरकट असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक पाहून, तो वाईट असेल त्या दिवशी घरातच व्यायाम करावा.

धावण्यापूर्वी काय खावे?

अर्ध्या तासाच्या धावण्यासाठी वेगळे काही लागत नाही. पहाटे पाणी, हवे तर अर्धे केळे किंवा दोन खजूर पुरतात. संध्याकाळी चार-पाच वाजता मूठभर फुटाणे किंवा एखादे फळ खाल्ले, तर सहा वाजताचा पुष्कळसा थकवा जाणवतच नाही, कारण तो भुकेचा असतो. परतल्यावर पोहे-उपम्यासोबत अंडे, मोडाची उसळ, दही किंवा दूध असे काही प्रथिनांचे असावे. निर्जळी उपवासाच्या दिवशी धावू नये.

बूट महाग घ्यावेत का?

महाग नव्हे, मापाचे. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना घालून पाहावेत आणि पुढे अंगठाभर जागा ठेवावी. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर तळवा दबतो, तेव्हा ते बदलावेत.

कोणते दुखणे सहन करावे आणि कोणत्या दुखण्याला थांबावे?

दोन्ही पायांच्या मांड्या किंवा पोटऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकणे स्वाभाविक आहे आणि ते आपोआप जाते. एकाच बाजूला, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असे दुखणे, धावताना वाढत जाणारे दुखणे किंवा चाल बदलायला लावणारे दुखणे यांना थांबावे. नडगीच्या हाडावर एका बिंदूत दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. मालिश करणाऱ्याकडे किंवा वेदनाशामक गोळीकडे वळून धावत राहू नये.

अंधार, रहदारी आणि भटकी कुत्री यांची भीती वाटते.

ही भीती अवाजवी नाही, आणि तिच्यामुळे धावणे सोडलेल्यांची संख्या मोठी आहे. शक्यतो मैदान, विद्यापीठाचे आवार, तळ्याकाठचा ट्रॅक किंवा सोसायटीच्या आतला रस्ता निवडावा. रस्त्यावर धावणे भागच असेल, तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे, चमकणारी पट्टी असलेला टी-शर्ट घालावा आणि कानात गाणी लावू नयेत. कुत्री अंगावर आली तर पळू नये. थांबावे, नजर न भिडवता हळूहळू चालत बाजूला व्हावे. चावा किंवा ओरखडा झाला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. ओळखीच्या एक-दोघांबरोबर धावल्याने यांतल्या निम्म्या अडचणी सुटतात. शिवाय कोपऱ्यावर कोणी वाट पाहत उभे असेल, तर गजर बंद करणे अवघड जाते. सोबती मात्र आपल्याच वेगाचा असावा.

स्पर्धेत नाव नोंदवल्याने सवय टिकते का?

तारीख समोर असली की अनेकांना मदत होते, हे खरे आहे. मात्र अंतर निवडताना घाई होते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होत आली आहे, आणि मुंबईची जानेवारीतली गर्दी पाहून पुष्कळ जण थेट अर्धमॅरेथॉनचा, म्हणजे २१ किलोमीटरचा, निश्चय करतात. साताऱ्याची हिल मॅरेथॉन तर यवतेश्वरचा घाट चढून जाते. नवशिक्याने ती पहिल्या वर्षी रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत पाहावी. पहिली नोंदणी पाच किलोमीटरची असावी, किमान तीन महिने पुढची असावी, आणि तिच्यातही बोलता येईल अशाच वेगाने धावावे. पोलीस भरतीसाठी १६०० किंवा ८०० मीटर धावणाऱ्या मुला-मुलींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना ठरावीक वेळेत वेग गाठायचा असतो, त्यामुळे त्यांनी या पानावरच्या सल्ल्यापेक्षा प्रशिक्षकाचे ऐकावे.

नोंदणी करतानाच एक गोष्ट करावी: स्पर्धेनंतरच्या आठवड्यातल्या तीन धावण्यांचे वारही वहीत लिहून ठेवावेत. पदक गळ्यात पडल्यावर पुढचे काही ठरलेले नसते, आणि अनेकांचे धावणे त्याच आठवड्यात थांबते. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती किंवा चालणे, मग वीस मिनिटांचे सावकाश धावणे, आणि रविवारी नेहमीच्या सोबत्याबरोबर नेहमीची फेरी, एवढे त्या आठवड्याला पुरते.